कापसाच्या खोलीतली वायर

नवीनने ड्रिल भिंतीला लावलं आणि चारुलताने दोन्ही हात डोक्यावर घेतले. लगेच खालीही घेतले, पदर सारखा केल्यासारखं करून. शिडीवरच्या नवीनने ते पाहिलं. तो धुळ्याहून आलेला कारागीर, या घराचा कोणी नव्हे, म्हणून त्याने एवढंच विचारलं, "डोळ्यात धूळ गेली का वहिनी?"

"हो," ती म्हणाली.

शिंदखेड्याजवळच्या या नव्या स्लॅबच्या घरात तो सकाळपासून वायफायचे डबे बसवत होता. एक पुढच्या खोलीत टीव्हीखाली, एक जिन्यात, एक स्वयंपाकघरात. एकाची रेंज संपते तिथे दुसऱ्याची सुरू व्हावी, अशा बेताने. फाटकावरचा आणि अंगणातला कॅमेरा लावून झाला होता, मागची खोली तेवढी राहिली होती. भाव चढेल म्हणून वेचणीपासूनचा सगळा कापूस तिथे छतापर्यंत भरला होता, आणि गावात चोरी झाल्यापासून चारुलताच्या नवऱ्याला, जितेंद्रला, तिथेही कॅमेरा हवा होता. पण खोलीचं दार लोखंडी. उघडं असलं की मोबाइलवर दोन काड्या दिसत, लावलं की एकही नाही.

चारुलताला हे आधीच माहीत होतं. त्या दाराआडून तिने माहेरी फोन लावून पाहिला होता.

जितेंद्र तिला तिथेच नेत असे. कापसावर आपटलेल्या माणसाचं हाड मोडत नाही, आणि कापूस आवाजही शोषून घेतो. दिवाळीनंतर मात्र तिच्या डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं. पुढच्या खोलीत बसणारे सासरे, भाईदास आबा, यांच्यापर्यंत थोडंफार पोचत असावं. कारण अशा वेळी टीव्हीचा आवाज वाढायचा.

संक्रांतीला तिचे वडील मारहाणीची तक्रार घेऊन पिंपळनेरहून आले तेव्हा भाऊबंदांची बैठक बसली होती. वयाने सगळ्यांत मोठे उखर्डू नाना. त्यांनी प्रत्येकाकडे पाहत विचारलं होतं, "कोनी देखं का? कोनी आयकं का?" आबा जमिनीकडे पाहत राहिले. वडील एकटेच परत गेले.

"इथे वायरच ओढावी लागेल," नवीन शिडीवरून उतरत म्हणाला. "लोखंडातून रेंज जात नाही."

जितेंद्र वायरचा एक तुकडा मुठीभोवती गुंडाळत उभा होता. भिंतीला आणखी भोकं पाडायची नाहीत, असं त्याचं म्हणणं.

"चोर आत शिरला तर आधी दारच लावून घेईल," चारुलता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणाली.

"तुले कोनी इचारं?" वळता वळता त्याने वायर तिच्या हातावर मारली. मग नवीनकडे पाहून हसला, थट्टा केल्यासारखा. नवीन खाली वाकून स्क्रू शोधू लागला. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत वळ हळूहळू वर येत होता.

"टाक वायर," जितेंद्र थोड्या वेळाने म्हणाला आणि व्यापाऱ्याचा फोन आला म्हणून अंगणात गेला.

कापसाजवळ ठिणगी नको म्हणून त्या खोलीत प्लग नव्हता. दिव्याचा बोर्डही दाराबाहेर होता आणि एरवी तो बंदच असे. चारुलताने उजवा कान पुढे करून विचारलं, मग कॅमेऱ्याला वीज कुठून?

नवीनने हातातली वायर दाखवली. हिच्यातूनच, थोडीशी. पुढच्या खोलीतून येते, आणि तिथलं सगळं इन्व्हर्टरवर आहे.

"बोर्ड बंद केला तरी चालेल?"

"बोर्डाचा काही संबंधच नाही. अंधारातही दिसतं त्याला, फक्त रंग नाही दिसत."

"आणि आवाज?"

"येतो. पण सहसा मी तो बंद ठेवतो."

"चालू ठेवा."

नवीनने तिच्या हाताकडे पाहिलं. मग मोबाइलवर काहीतरी बदललं. "जाताना भाऊंना सांगतो हे सगळं."

"मी सांगेन," ती म्हणाली.

तिने सांगितलं नाही.

आबांना त्या कॅमेऱ्यांचं फार कौतुक. आल्यागेल्याला ते टीव्हीवर फाटक दाखवायचे, अंगण दाखवायचे. पुढच्या आठवड्यात उखर्डू नाना आले, तेव्हाही आबांनी चहा घेऊन आलेल्या सुनेला टीव्ही लावायला सांगितला. तिने फाटक दाखवलं, अंगण दाखवलं, मग कापसाची खोली पडदाभर केली. दिव्याच्या आणि उघड्या दारातून येणाऱ्या उजेडात कापूस पांढराशुभ्र दिसत होता. "बठ्ठा घरमाच शे आजून?" न विकलेला ढीग पाहून नानांनी विचारलं आणि दोघं कापसाच्या भावाबद्दल बोलू लागले. रिमोट आबांच्या हातात देऊन ती आत गेली.

जितेंद्र शेतातून मागच्या दाराने आला. पुढे कोण बसलंय हे त्याला माहीत नव्हतं, आणि तिने सांगितलं नाही. ती माहेरी फोनवर बोलली होती, हे त्याला कुठूनसं कळलं होतं. त्याने तिची वेणी मुठीत धरली, कॅमेऱ्यासाठी हल्ली चालूच ठेवलेलं बोर्डाचं बटण दुसऱ्या हाताने बंद केलं, आत आल्यावर मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"आते देख म्हना," आता काय दिसणार याला, अशा खात्रीने तो म्हणाला आणि लाथेने दार लोटलं.

पुढच्या खोलीत पडद्यावरचा कापूस एकदम करडा झाला. आतून काहीतरी आपटल्याचा बसका आवाज आला, तसा आबांचा अंगठा सवयीने रिमोटवर सरकला आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

वाढला तो चारुलताचा आवाज.

आबांनी घाईघाईने पुन्हा बटण दाबलं. तेच बटण होतं. खोलीभर तिचं ओरडणं, लाथेचा आवाज, जितेंद्रची शिवी. आबा दुसरं बटण शोधू लागले.

"राहू दे, भाईदास," नाना म्हणाले.

त्यांनी आबांच्या हातातून रिमोट घेतला, बशीशेजारी ठेवला आणि काठी न घेताच ते उठून आत गेले.

थोड्या वेळाने पडद्यावर दिवा लागला. कापूस पुन्हा पांढरा झाला, आणि त्यावरचं लालही दिसू लागलं. टीव्हीसमोर आबा एकटेच बसले होते.