दहापट उंच स्तंभ

मित्रांनो, कर्वेनगरच्या एका छोट्या औषध-अभ्यास केंद्रात खिडकीजवळच्या टेबलावर जो जुना संगणक दिसतो, तो मी. माझ्या कीबोर्डवरची अक्षरं पुसट झाली आहेत आणि सुरू व्हायला मला एक चहा पिऊन होईल इतका वेळ लागतो. तरीही मी आज अभिमानाने बोलणार आहे.

शनिवार पेठेतल्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि मी थेट इथे आलो. फ्लूसारख्या विषाणूंच्या आजारांवरचं औषध कोणत्या देशात किती वापरलं जातं, याची तुलना हे केंद्र करतं. आपल्या रुग्णालयांची पत्रकं आणि इतर सात देशांची माहिती केंद्रातल्या हेमाताई माझ्यात भरत. आकडा कशाचा आहे, ते शेजारी लिहिल्याशिवाय त्या पुढच्या ओळीवर जात नसत. तेव्हा पाहुणे आले की मला कौतुकाने दाखवलं जाई.

पुढे हेमाताई निवृत्त झाल्या आणि नवा संगणक आला. माझ्यावर कापड पडलं, कापडावर लोकांचे डबे. मला वाईट वाटे, पण सांगणार कुणाला?

यंदा आठ देशांचा तक्ता तयार झाला. त्यात भारताचा स्तंभ सगळ्यांत उंच निघाला. आपल्याकडे या औषधाचा बेसुमार वापर होतो, असाच त्याचा अर्थ होता. तो अहवाल वाचून तालुक्याच्या रुग्णालयांतून हे औषध काढून घ्यायचं की नाही, हे सरकारी समिती ठरवणार होती.

केंद्रातल्या डॉ. आम्रपाली वाघमारे तक्त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांनी तालुक्याच्या रुग्णालयात चार वर्षं काढली होती. औषध वेळेवर न मिळाल्यामुळे धाप लागलेल्या गरोदर बायका त्यांनी पाहिल्या होत्या.

"सर, हे आकडे मला पटत नाहीत," त्या केंद्रप्रमुख रंगनाथ सरांना म्हणाल्या.

"अहो, आकडे आपल्याला विचारून येत नाहीत," सर म्हणाले. "परवा अहवाल जायचाय."

"मूळ नोंदी जुन्या संगणकात आहेत. उद्या दुपारपर्यंत वेळ द्या."

"घ्या. तो तोवर सुरू झाला, तर मलाही बोलवा."

पहिल्या खेपेला मी खरोखरच सुरू झालो नाही. आम्रपालींनी माझी धूळ झटकली, वायर नीट बसवली आणि पुन्हा बटण दाबलं. पडदा उजळला तेव्हा मलाच हायसं वाटलं! हेमाताईंची पानं उघडली. आपल्या रुग्णालयांच्या प्रत्येक आकड्यापुढच्या रकान्यात 'कॅ.' असं लिहिलं होतं. नव्या संगणकात माहिती नेताना तो रकानाच गळला होता.

आम्रपालींनी हेमाताईंना वारज्याला, त्यांच्या घरी फोन लावला.

"ताई, हे 'कॅ.' म्हणजे काय?"

"कॅप्सूल गं! आपली रुग्णालयं कॅप्सूल मोजून कळवतात. बाकीचे देश पूर्ण उपचार मोजतात. सकाळ-संध्याकाळ एक, असे पाच दिवस."

म्हणजे एका रुग्णाच्या दहा कॅप्सूल. तक्त्यात मात्र दहा रुग्णांनी उपचार घेतल्यासारखं दिसत होतं! हिशेब दुरुस्त होताच भारताचा स्तंभ खाली आला आणि आठ देशांत सातवा ठरला.

रंगनाथ सरांनी जुनी कागदी पत्रकं मागवून वीस नोंदी स्वतः ताडून पाहिल्या. मग म्हणाले, "वाघमारे, सातवा म्हणून आनंद मानायचा का?"

"नाही सर. ज्यांना खरंच गरज आहे, त्यांनाही औषध वेळेवर मिळत नाहीये. नोंदी सांगतात, गरोदर बायकांना ते आजाराच्या चौथ्या दिवशी मिळतं. पहिल्या दोन दिवसांतच मिळायला हवं."

समितीपुढे सर उभे राहिले. "पहिल्या तक्त्यातली चूक आमच्या केंद्राची होती. ती हेमाताईंच्या नोंदींमुळे आणि डॉ. वाघमारेंच्या हट्टामुळे सापडली." औषध तालुक्यांत राहिलं, आणि गरोदर बायकांना ते पहिल्याच दिवशी द्यावं, असं ठरलं. गेल्या आठवड्यात, तसं औषध दिल्याची नोंद असलेलं रुग्णालयाचं पहिलं पत्रक आलं. आम्रपालींनी ते वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं यंत्र असेल. ते टाकण्याआधी त्यात कुणाचे कष्ट साठले आहेत, ते एकदा उघडून पाहा. मी उद्या भंगारात गेलो तरी माझी तक्रार नाही. हेमाताईंच्या सगळ्या ओळी आता तीन ठिकाणी जपून ठेवल्या आहेत.