उजवा कौल

पासलीत तंटा कोणताही असो, शेवटी तो भैरोबाच्या पाषाणापुढं यायचा. सावळाराम गुरव पाषाणाला आंघोळ घालायचा, उजव्या आणि डाव्या अंगाला तांदळाचा एकेक ओला दाणा चिकटवायचा, आणि गाव श्वास धरून बसायचं. उजवा आधी पडला तर देव हो म्हणाला, डावा पडला तर नाही म्हणाला. त्यावर पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही.

सन एकतीसच्या वैशाखात म्हातारे पाटील निपुत्रिक वारले. भाऊबंदांत दोघेच लायक होते, हैबती आणि त्याचा धाकटा चुलतभाऊ बाजी. गावानं ठरवून नाव कळवावं, असा भोर संस्थानातून निरोप आला, आणि गावानं ते देवावर सोपवलं. थोरला म्हणून आधी हैबतीचं नाव घ्यायचं, डावा पडला तर बाजी.

खरं तर पाटीलकी हैबतीला शोभलीच असती. म्हाताऱ्या पाटलांच्या वतीनं भोरच्या खेपा तोच घालायचा. कुणाची गाय अडली, कुणाकडं मयत झालं, की पहिली हाक त्याला. हसला की वरच्या आळीला ऐकू जायचं. पण इतक्या वर्षांची राबणूक एका दाण्यावर टांगलेली त्याला बघवेना. गुरव देवाला आंघोळ घालून तांदूळ आणायला घरी गेला, तेवढ्यात हैबती गाभाऱ्यात शिरला. मुठीतलं पिकलं भोकर त्यानं फोडलं आणि त्याचा चिकट गर डाव्या अंगाला बोटभर पुसला. एवढंच. बाहेर आला तेव्हा देवळाच्या पायरीवर चिटपाखरू नव्हतं.

उजवा पडला. भंडारा उधळला गेला. बाजीनं आपल्या हातानं भावाच्या डोक्याला पागोटं बांधलं.

कदाचित तो तसाही उजवाच पडला असता. पुढं हैबतीला सगळ्यात जास्त छळलं ते या कदाचितनं. लोक त्याला 'देवानं निवडलेला पाटील' म्हणायचे आणि त्याला वाटायचं, कोणीतरी टोमणा मारतंय. तो गुरवाची नजर टाळू लागला. देवळात हात जोडायचा, पण मागणं काही सुचायचं नाही. आपण ज्याचं तोंड चिकटवलं, त्याच्याकडं मागायचं तरी काय? बोलणं तुटक झालं, शिक्षा कडक झाल्या. बायको बयाबाई एकदा म्हणाली, "हसायला बी भोरहून हुकूम यावा लागतो का हो आता?" त्यावर तो ताटावरून उठला.

चार वर्षांनी भाताच्या खळ्यावर बाजी सहज म्हणाला, "दादा, तुमच्या टायमाला देवानं लईच घाई केली बगा. डावा दाणा जणू गोंदानं डकवलेला!"

खळं हसलं. हैबतीही हसला, पण ते वाक्य घरापर्यंत त्याच्या मागं आलं. याला माहीत आहे. त्या दुपारी हा कुठं होता? तेव्हापासून बाजीचं प्रत्येक बोलणं तो उलटंपालटं करून बघू लागला. बाजी गावात नसता तर, एवढंच मनात यायचं.

बेचाळीसच्या ज्येष्ठात जनावरांना लाळ्या रोग आला. आजारी जनावरं वरच्या पठारावर न्यायची आणि एका घरानं पावसाळाभर त्यांच्याजवळ राहायचं, असं ठरलं. कुणाच्या घरानं? देवाला विचारायचं. पहिलं नाव पाटलानं सुचवलं, बाजीचं. या खेपेलाही त्यानं डाव्या अंगाला आधीच भोकर पुसून ठेवलं, आणि उजवा पडला.

"देवाचा शबूद हाय," म्हणत बाजीनं बायकोला, सगुणाबाईला, घेऊन पठार गाठलं. आषाढात तिला ताप भरला. खालचा ओढा तीन दिवस उतरला नाही. चौथ्या दिवशी पठारावरच्या धनगरांनी तिला तिथंच अग्नी दिला.

भाद्रपदात बाजी जनावरं घेऊन उतरला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. "एक बी मेलं न्हाई, पाटील," तो म्हणाला. "देवानं घर बरोबर निवडलं."

त्या वाक्यानं हैबतीचं अन्न तुटलं. दसऱ्याला गाव देवळात जमलं, तेव्हा त्यानं पागोटं काढून पाषाणापुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. दोन्ही वेळचं. भोकरासकट.

मग म्हातारा गेनू पुटपुटला, "मग माज्या बांधाचा कौल? त्यो बी खोटा म्हनायचा?"

"न्हाई, त्यो खरा. ह्ये दोनच खोटं."

"अन् माज्या पोरीचं लगीन?" बनाबाई कडाडली. "ती दोन लेकरांची आई झाली की! तुमी आज सांगताय व्हय?"

"पाटलाचं डोस्कं फिरलंय," कोणीतरी म्हणालं. "जेवत न्हाईत म्हनं म्हैनाभर."

हैबतीनं बाजीकडं पाहिलं. हा तरी मारील, थुंकेल. बाजी जवळ आला आणि हळू बोलला, "दादा, सगुणा देवाच्या शबदानं गेली. तुमच्या न्हाई. तेवडं माज्यापास्नं काडून घिऊ नका." मग लोकांकडं वळून म्हणाला, "पाटील खरं बोलत्यात का, देवालाच इचारा."

हैबतीला सुटल्यासारखं वाटलं. त्यानं स्वतः पाणी तापवलं, राखेनं पाषाण घासला, पुन्हा धुतला. गुरवाला म्हणाला, "तूच लाव. मी बोट बी लावत न्हाई." अकरा वर्षांनी तो पहिल्यांदा मनापासून हात जोडून बसला. उजवा पाड बाबा, एवढाच पाड.

दाणे चिकटले. बराच वेळ काही हललं नाही. समईची वात एकदा तडतडली.

डावा पडला.

गावानं श्वास सोडला. बनाबाई रडत रडत हसली. "देवानं वाचीवलं गं बाई." गेनूनं भंडाऱ्याची चिमूट हैबतीच्या कपाळी लावली. तो म्हणत राहिला, "आरं, ऐका की. म्या केलंय. ह्या हातांनी." लोक मायेनं मान हलवत राहिले, तापात बरळणाऱ्या माणसापुढं हलवतात तशी. बाजीनं पागोटं उचललं, झटकलं आणि पहिल्यासारखंच हैबतीच्या डोक्याला नीट बांधलं.

हैबती उठला. त्याला बाहेर मोकळ्यावर जायचं होतं. लोक अदबीनं बाजूला सरले, वाट झाली. तो पायऱ्या उतरला. बाजी रिवाजाप्रमाणं दोन पावलं मागून निघाला. हैबती थांबला, की तोही थांबायचा.