बॅटरीचं झाकण

नवा कॅमेरा घरी आला तेव्हा फोटोवालीने आधी हात धुतले, कोरडे पुसले आणि मगच खोक्याला हात लावला. आजूबाजूचे सगळे तिला फोटोवालीच म्हणत. भांडी, चपला, दिवे, अत्तराच्या बाटल्या, ज्याला जे विकायचं असेल त्याचे देखणे फोटो ती घराच्या पुढच्या खोलीत काढून द्यायची. जुन्या कॅमेऱ्याने ऐन कामात मान टाकली होती. हा नवा घ्यायचा म्हणून तिने कितीतरी हौसमौज बासनात गुंडाळून ठेवली होती.

तिची आई समोरच्या खुर्चीत बसून बघत होती. मऊ पांढऱ्या वेष्टनातून कॅमेरा निघाला तसा फोटोवालीने तो आधी आईच्याच हातात दिला.

"केवढा जड गं! तान्ह्या पोरासारखा धरावा लागतोय."

तेवढ्यात दिवेवाल्याचा फोन आला. त्याच्या नव्या काचेच्या दिव्यांचे फोटो सोमवारी काढायचे होते, आणि तो एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. बोलत बोलत ती पार जिन्यापर्यंत गेली. परत आली तर आईने टेबल लख्ख करून ठेवलेलं. वेष्टनाची घडी घातलेली, प्लास्टिकच्या पिशव्या कचऱ्यात. फोटोवालीने बॅटरी चार्जिंगला लावली आणि ती दुसऱ्या कामाला लागली.

संध्याकाळी बॅटरी घालायला तिने कॅमेरा उलटा केला. बॅटरीचा कप्पा आ वासून उघडाच होता. त्याला झाकण नव्हतं.

झाकण म्हणजे काय, दोन बोटं रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा. पण त्याच्या आतल्या बाजूला एक बारीक टोक असतं, आणि ते दाबलं गेल्याशिवाय कॅमेरा चालूच होत नाही. तिने पुठ्ठा लावून बघितला, चिकटपट्टी लावून बघितली. एवढा महागाचा कॅमेरा, पण ढिम्म!

"आई, याचं झाकण बघितलंस? काळं, छोटंसं. तूच आवरलंस ना टेबल?"

आईचा चेहरा उतरला. हल्ली असं काही विचारलं की तो उतरायचाच. तिचा विसरभोळेपणा वाढत चालला होता. चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडकायचं.

फोटोवालीने दुकानात फोन लावला. कॅमेरा विकणारा पोरगा शब्दाशब्दाला मध लावून बोलायचा. मनातल्या मनात तिने त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं.

"असं होणारच नाही मॅडम. कंपनीतून सगळं सीलबंद येतं. खोकं उघडताना जवळ कुणी होतं का?"

"आई होती. पसारा तिनेच आवरला."

"हां, मग घरातच नीट शोधा. वयस्कर माणसांना काय कळतंय? कचरा समजून टाकून देतात. आमच्याकडे रोज असे फोन येतात."

फोटोवालीने फोन आपटला आणि गर्रकन वळली. "तू टाकलंस का ते? आठव ना जरा! दर वेळी काय हे?"

आईने पदराच्या टोकाला पीळ दिला. "मीच टाकलं असेल," ती हळूच म्हणाली.

दोघी खाली गेल्या. इमारतीचा कचरा जिथे जमतो तिथे फोटोवाली एकेक पिशवी फाडत बसली. येणारेजाणारे नाक दाबून वळसा घालत होते. आई मागे उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "माझ्याच हातून गेलं हो. हल्ली माझं असंच होतं." झाकण काही मिळालं नाही.

वर आल्यावर त्याच रागात तिने परगावी राहणाऱ्या मोठ्या भावाला फोन केला. दादा तर तयारीतच बसला होता. "मी कधीपासून सांगतोय? आता तरी वृद्धाश्रमाचं मनावर घे. आज झाकण फेकलं, उद्या गॅस उघडा ठेवेल." त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. आई दारातच उभी होती.  न जेवता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी फोटोवाली कॅमेरा घेऊन दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या दुरुस्ती केंद्रात गेली. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "सुटं झाकण मिळत नाही. अख्खा कॅमेरा जमा करा. महिना तरी धरा."

"एका झाकणासाठी?"

"तशीच पद्धत आहे."

दातओठ खात ती जिना उतरली. दिव्यांचे फोटो तर काढायलाच हवे होते, म्हणून निदान भाड्याने तरी कॅमेरा मिळतो का बघावं, असं ठरवून ती दुकानात शिरली. गोडबोल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला गुंडाळत होता. बाजूच्या टेबलावर गिऱ्हाइकांना हाताळायला ठेवलेला कॅमेरा होता, तारेने बांधलेला. तिच्यासारखाच, त्याच जातीचा. सहज तिने तो उचलला.

शेकडो हातांनी तो कॅमेरा पार म्हातारा केला होता. पकडीचं रबर सुटलेलं, बटणांवरची अक्षरं पुसलेली, कडा घासून चकचकीत झालेल्या. तिने तो उलटा केला. खाली बॅटरीचं झाकण मात्र कोरं करकरीत! त्याच्यावरची पारदर्शक पट्टीसुद्धा अजून कुणी सोलली नव्हती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग एकेक आठवायला लागलं. कॅमेरा घेताना 'वॉरंटीचा शिक्का मारून आणतो' म्हणून गोडबोल्या खोकं आतल्या खोलीत घेऊन गेला होता. आणलं तेव्हा त्यावर दुकानाचीच चिकटपट्टी होती.

"ए, इकडे ये," ती ओरडली. सगळं दुकान वळून बघायला लागलं. "हे झाकण कुठून आलं?"

"ते... ते दुरुस्तीहून आलंय मॅडम."

"वर सुटं झाकण मिळतच नाही म्हणतात. मग तुला कुणी दिलं? तुझ्या आज्याने?"

गोडबोल्याच्या तोंडचं पाणी पळालं. आतून मॅनेजर धावत आला. चष्मा, कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर साळसूद हसू. "मॅडम, आवाज कमी करा, शांतपणे बोलू..."

"शांतपणे? काल संध्याकाळी मी उकिरडा उपसत होते, तेव्हा कुठे होती तुमची शांतता?"

मॅनेजरने पोऱ्याकडे डोळे वटारले. पण पोऱ्याने सगळं आपल्या एकट्याच्या अंगावर घ्यायला नकार दिला. "सर, तुम्हीच म्हणालात ना? एका गिऱ्हाइकाने याचं झाकण मोडलं, तेव्हा म्हणालात, नव्या खोक्यातलं काढून लाव, कुणी बोंबललं तर बघू."

 फोटोवालीने कुणाला न विचारता झाकणाची खिटी नखाने सरकवली, झाकण काढलं आणि आपल्या कॅमेऱ्याला बसवलं. टक् आवाज झाला. बॅटरी घालून तिने कॅमेरा चालू केला. पडदा उजळला.

"झालं ना मॅडम?" मॅनेजर घाईघाईने म्हणाला. "आमच्याकडून एक छानशी बॅग घेऊन जा, भेट म्हणून."

"बॅग घाला चुलीत! माझ्या आईशी बोला. तुम्ही काय केलंत ते तुमच्या तोंडाने तिला सांगा."

"अहो, आता त्यांना कशाला उगाच त्रास?"

"त्रास? तुमच्या या पोराने मला सांगितलं, म्हाताऱ्या माणसांना काय कळतंय. ती बिचारी काल येणाऱ्याजाणाऱ्याची माफी मागत होती. बोलता, की मी इथेच उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगू?"

तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मॅनेजरच्या तोंडासमोर धरला. त्याने गुळमुळीत काहीतरी सांगितलं. गैरसमज, तात्पुरती सोय, वगैरे. 

"म्हणजे ते झाकण आमच्या घरी आलंच नव्हतं?" आईने विचारलं.

"नाही आजी."

"आजी कुणाला म्हणतोस? तुझी आजी असते तर कान पिळून विचारलं असतं, हे कुठे शिकलास म्हणून!" हा आवाज फोटोवालीने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "चोरी तुम्ही करायची आणि खापर माझ्या वयावर फोडायचं? आम्ही म्हातारी माणसं म्हणजे काय तुमची कचराकुंडी? माफी माग. आणि असं पुटपुटू नकोस, दुकानात सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मॅनेजरने सगळ्यांना ऐकू जाईल अशी माफी मागितली. एक गिऱ्हाईक हातातली पिशवी तशीच टेबलावर ठेवून निघून गेलं.

फोटोवाली जवळजवळ पळतच घरी आली. "आई, काय झापलंस गं त्याला! त्याचं तोंड बघायला हवं होतंस."

आई खुर्चीत ताठ बसली होती. ती हसली नाही. "तो परका माणूस. मी त्याला काय माहीत? तुला तर मी माहीत होते ना?"

"अगं, पण तूच म्हणालीस, मीच टाकलं असेल."

"मी भ्यायले म्हणून म्हटलं. तू लगेच मानलंस कसं?"



"दादाला फोन लाव," आई म्हणाली. फोन लागला तसं तिने त्याला बोलूच दिलं नाही. "झाकण दुकानदाराने चोरलं होतं. माझी व्यवस्था करायची घाई झाली असेल तर इथे ये, माझ्या तोंडावर सांग." मग फोन बंद करून तिने लेकीपुढे हात पसरला. "आता माझी घराची किल्ली दे. हरवशील म्हणून काढून घेतली होतीस ती."

"आई, त्या दिवशी मागच्या गल्लीत तू खरंच रस्ता चुकली होतीस."

"चुकले होते. नाही कुठे म्हणतेय? मी जे केलं ते मी केलं म्हणेन. पण न केलेलं आता अंगावर घेणार नाही. किल्ली."

 फोटोवालीने कपाट उघडून किल्ली काढून दिली. आईने चपला घातल्या, किल्ली मुठीत धरली आणि कुठे निघाली ते न सांगता दार धाडकन ओढून घेतलं.

ती अंधार पडायच्या आत परत आली. पण तिने धरलेला अबोला काही सुटला नाही. सोमवारी दिवेवाला आला तेव्हा तिने त्याची विचारपूस केली, त्याला चहा दिला. लेकीचा कप मात्र तिने ओट्यावर ठेवला. फोटोवालीने तो मुकाट्याने जाऊन घेतला.