काजळीच्या मागं मोरी

तात्यांनी पानाची चंची सोडली, सुपारी आणि चुन्याची डबी बाजूला सारली आणि तळातून एक फ्लॉपी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"नाग्यानं धाडलीय," ते म्हणाले. "गावातला दादासो पुण्याहून आलता, त्याच्याजवळ. चिठ्ठी न्हाय, निरोप न्हाय. काय ते ह्यातच हाय म्हनला."

नागेश माझा धाकटा भाऊ. दोन वर्षं त्याचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं, आणि आज तात्या ते स्वतःच्या तोंडानं घेत होते, तेही माझ्या ऑफिसात, दुपारच्या उन्हात कन्हेरीहून चालत येऊन. ओरडावं की पाणी द्यावं, मला कळेना. मी पाणी दिलं.

बारामती एमआयडीसीतल्या आमच्या दूध शीतकरण केंद्रात एकच कॉम्प्युटर होता आणि त्यावर बसणारी मी एकटी. वर भिंतीवर मॅनेजर आबासाहेबांनी पाटी ठोकली होती : बाहेरची फ्लॉपी आणू नये. माझ्या आधीच्या ऑपरेटरनं मेव्हण्याकडून पत्त्यांचा खेळ आणला, त्यातून व्हायरस शिरला आणि गावोगावच्या दुधाच्या नोंदी साफ झाल्या. दुसऱ्या दिवशी तो घरी बसला. मी त्याच्याच खुर्चीवर बसत होते, त्यामुळे पाटी वाचायची मला गरज नव्हती.

"तात्या, हे हितं चालत न्हाय."

"का? मिशीन बिघडलंय?"

"मिशीन चांगलंय. हे घातल्यावर बिघडंल."

कॉम्प्युटर हा शब्दही तात्यांना सलायचा, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी काटेवाडीच्या शिवारात आमची मेंढरं बाभळीखाली बसवून नागेश बारामतीला कॉम्प्युटरच्या क्लासला पळाला. मागे मेंढरं उठली, उसाला द्यायला कुणी पिंपात कालवून ठेवलेलं युरियाचं पाणी प्याली आणि संध्याकाळपर्यंत बांधावर आडवी झाली. तात्या एकच बोलले, "पुन्यांदा तोंड दावू नको." नागेशही त्यांचाच पोरगा. गेला तो गेला. पुण्यात कॉलेजात कॉम्प्युटरच शिकतोय, एवढं कानावर आलं होतं.

आबासाहेब जेवायला गेले होते. ते कधीही परत आले असते. मी फ्लॉपी पदराला पुसली, मनात बिरोबाचं नाव घेतलं आणि आत सरकवली.

आत एकच फाइल होती. फाइलचं नाव 'तात्या'. पत्र नव्हतं, चालवायचा प्रोग्राम होता. व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामला विचारलं, तर त्यानं सांगितलं : संशयास्पद. म्हणजे आहे म्हणेना, नाही म्हणेना. तलाठ्यासारखं उत्तर देऊन मोकळा.

ही फ्लॉपी नागेशच्या कॉलेजच्या लॅबमध्ये किती मशिनांत जाऊन आली असेल, देव जाणे. फाइल चालवली आणि आत काही असलं, तर माझी नोकरी गेली. पुसून टाकली, तर दोन वर्षांनी नागेश जे काही बोलला होता ते गेलं. आणि त्यानं दुसऱ्यांदा तोंड उघडलं असतं असं मला अजिबात वाटत नव्हतं.

"लाव की," तात्या म्हणाले.

"नवं मेंढरू आनलं की तुमी लगीच खांडात सोडता का?"

"येडी का काय? आधी येगळं बांधायचं. नाक बघायचं, खूर बघायचं."

"मंग दम धरा. खूरच बघतीय."

फाइल न चालवता तिच्या पोटातलं नुसतं दाखवणारा एक प्रोग्राम माझ्याकडे होता. मी शिकले त्या क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, व्हायरस लिहिणाऱ्याला खाज फार. आत कुठंतरी आपलं नाव नाहीतर शिवी लिहून ठेवतो. मी शिवी शोधायला लागले. पडदाभर चौकोन, हसरे चेहरे, फाटकी अक्षरं. मी खाली खाली जात राहिले.

तेवढ्यात दिवे मिचकले.

मी झडप घालून फ्लॉपी बाहेर ओढली. मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं असतं, तर पहिल्यांदा त्यानं फ्लॉपीच वाचली असती, आणि व्हायरस असाच घुसतो. लाइट गेली नाही. दिवे स्थिर झाल्यावर मी फ्लॉपी पुन्हा आत घातली.

"आगं, एवढं भ्यायला काय झालं? नाग्यानंच धाडलीय न्हवं?"

"नाग्यानंच लिवलीय हे कशावरनं, तात्या?"

मी पुन्हा खाली सरकले, आणि त्या फाटक्या अक्षरांत एकदम शब्द दिसला. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. 'मेली.' त्याखाली पुन्हा 'मेली'. पुन्हा. हा व्हायरस काय काय मारणार आहे त्याची यादीच देतोय, असं वाटून मी बाजूचे शब्द मोठ्यानं वाचले.

"काजळी... मेली."

पाठीमागे तात्यांचा पाण्याचा तांब्या टेबलावर आपटला.

"फुडं मोरी हाय का बघ," ते म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "काजळीच्या मागं मोरी चालायची. मंग बांडी. लंगडी खैरी सगळ्यांत शेवटाला."

मोरी होती. बांडी होती. मधली सगळी होती, आणि शेवटाला लंगडी खैरी होती. त्या दिवशी मेलेलं मेंढरांचं सगळं खांड चालायच्या क्रमानं त्यानं नावानिशी लिहून काढलं होतं. मला रडू आवरेना. नागेशशिवाय हे कुणाला लिहिता आलं असतं?

नावं खरी म्हणून फाइल निरोगी, असं होत नाही. मी ती चालवली नाही. पण वाचायचं थोडंच राहिलं होतं.

"फुडं इचारलंय, तात्या, घरी येऊ का? हो म्हनायला एक बटन, न्हाय म्हनायला दुसरं."

"दाब की मंग हो."

"दाबून त्याला कळत न्हाय. हितल्या हितंच ऱ्हातं ते."

"आनि हो म्हनलं तर मिशीन काय बोलंल?"

"तेबी लिवलंय. 'निघालो.'"

"आनि न्हाय म्हनलं तर?"

मला ते वाचायचं नव्हतं. तात्या वाट बघत उभे होते.

"'बरं तात्या. पुन्हा विचारणार नाही.'"

तात्या पडद्यावरच्या त्या न समजणाऱ्या अक्षरांजवळ वाकले. बाहेर आबासाहेबांची मोटारसायकल वाजली आणि पहिल्यांदा मला तिची भीती वाटली नाही.

"ते शेवटचं तेवढं पुसता येतं का?"

"पुसलं तर फाइल मोडंल, तात्या."

"मोडू दे. कुनी चुकून ते बटन दाबायला नको." चंची गुंडाळून त्यांनी कमरेला खोचली. "पुन्याची गाडी कितीला हाय?"