बाजेखालचा भुईचाफा

भुईचाफ्याला ऊन सोसत नाही, हे महानंदाला ठाऊक होतं आणि तिच्या सासूला नव्हतं. घरात चालायचं सासूचं. त्यामुळं भुईचाफा नळदुर्गात आला तो थेट अंगणाच्या मधोमध, जिथं दिवसभरात सावली म्हणून फिरकत नसे.

आता सासूचं, नागम्माचं, तरी काय चुकलं म्हणावं? महानंदाची आई गौराबाई वारली. तिच्या मातीला गेलेली सून परतली ती पदरात चार गड्डे बांधून. आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं. महानंदा न्हाणीमागच्या सावलीत खड्डा खणू लागली, तशी नागम्मा कडाडली, "विहीणबाईची आठवण काय न्हाणीच्या पाण्यात लावतीस? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

माहेरच्या वस्तूचा मान राखायचा म्हणजे तिला दर्शनी जागा द्यायची, एवढं नागम्माला कळत होतं. झाडाला काय हवं ते तिनं विचारलं नाही, आणि सुनेला विचारायची त्या घरात रीत नव्हती.

चैत्रात भुईतून सरळ फूलच वर आलं. भुईचाफ्याची तऱ्हाच तशी, आधी फूल आणि पानं मागाहून पावसात. जांभळट पांढरं फूल, वास हुबेहूब माहेरच्या परसातला. तिकडं ते लिंबोणीच्या बुडाशी होतं. सकाळचं कोवळं ऊन तेवढं मिळायचं, दुपारभर सावली, आणि त्या सावलीत ते पसरत पसरत पार कुंपणापर्यंत गेलं होतं. इथं मात्र दुपारच्या आत फुलाचा पापड झाला.

"पाणी कमी पडलं," नागम्मा म्हणाली आणि तांब्याभर पाणी ओतून आत गेली.

सासूपुढं उलटून बोलू नये, ही शिकवण आईचीच. आता आईचं ऐकावं तर आईचं फूल जातं. महानंदानं रात्रभर विचार केला आणि सकाळी विचारलं, "आत्याबाई, औंदा कुरडया लवकर घालू का?"

कुरडयांची बाज बरोबर गड्ड्यांवर पडली. कुरडया झाल्या, मग पापड, मग शेवया, मग सांडगे. ऊन सरकलं की महानंदा बाजही हातभर सरकवायची. वाळवणाला सगळीकडून सारखं ऊन लागावं म्हणून सरकवते, असं सगळे समजत. "सून असावी तर अशी," नागम्मा गल्लीभर सांगत सुटली. शेजारणी कुरडया खाऊन बेजार झाल्या. बाजेखाली रोज फूल उमलू लागलं.

"औंदाच्या कुरडईला वास बघ कसा हाय," नागम्मा म्हणायची. महानंदा मान डोलवायची.

पण ते लढाईचे दिवस होते. निजाम सरकारची लेव्ही, म्हणजे धान्याची सक्तीची वसुली, चालू होती आणि घराघरातलं धान्य तपासलं जात होतं. एके सकाळी सासरे बंडप्पा दुकानातून घाईनं घरी आले.

"गिरदावर येणार हाय आज, धान्य तपासाय. एवढं वाळवण बघितलं तर म्हणंल, बंडप्पानं गहू दडवलाय. बाज उचला! एक पापड दिसाय नको."

बाज भिंतीला उभी राहिली. तिच्या जागी तीन कळ्या उघड्यावर उरल्या, अर्ध्या उमललेल्या. महानंदाच्या डोक्यावर पापडांचे डबे देऊन तिला मागच्या आळीत नणंदेकडं, शिवकांताकडं, पिटाळलं. नणंदेनं बसवून घेतलं, ताक दिलं. ते तिला कडू लागलं. आता काय उरलं असेल, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

ऐन दुपारी ती परतली तेव्हा गिरदावर अंगणात उभा होता. आणि अंगणाच्या मधोमध, रखरखत्या उन्हात, बाजेवर नागम्मा आडवी झाली होती. अंगाखाली दोन गोधड्या.

"अम्मा, इत्ती धूपमें कायकू सोये?"

"कंबर शेकायले, साहेब."

गिरदावरानं घर बघितलं, कणगी बघितली, घाम पुसला आणि गेला. बंडप्पा म्हणाले, "गेला तो. ऊठ आता, भोवळ यील."

"कंबर ऱ्हाली हाय अजून."

महानंदा जवळ गेली. बाजेखाली तिन्ही फुलं टवटवीत होती. बाज जिथं ती रोज ठेवायची तिथंच होती, दुपारच्या उन्हाला हवी तेवढी सरकवलेली. नागम्माचा चेहरा लालबुंद झाला होता आणि घाम गळ्यातल्या लिंगाच्या दोरीवरून ओघळत होता. महानंदाला रडूच फुटलं. आई गेल्यापासून ती अशी रडली नव्हती.

नागम्मानं डोळे उघडले नाहीत.

"रडतीस काय? ऊन सरकलंय बघ. बाज हातभर तिकडं ओढ."

"आत्याबाई, तुम्ही उतरा तरी."

"मी हाय तशी ओढ."

नागम्मा चांगलीच जड होती. महानंदानं पदर खोचला आणि बाज ओढली.