एका रुंदीची अक्षरं

बल्गेरियातल्या गाब्रोवोच्या कारखान्यात नेदेल्काने तीस वर्षं यंत्रांवरच्या पाट्या कोरल्या. पितळी साच्यातल्या सिरिलिक अक्षराच्या खाचेतून सुई फिरवली, की पलीकडे पाटीवर तेच अक्षर उमटायचं. कोरणारं पातं गोल, म्हणून अक्षरांची टोकंही गोल. साचे सगळे एका रुंदीचे, म्हणून ऐसपैस अक्षरंही त्यांत अंग चोरून बसायची. चाळिशीपर्यंत निरक्षर असलेली नेदेल्का त्या खाचांतूनच, बोटाने, वाचायला शिकली.

मुलगी बोझुरा डब्लिनला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिचा मजकूर फोनवर, आपल्याच भाषेत पण नेदेल्काला न येणाऱ्या परक्या लॅटिन लिपीत यायचा. शेजारीण त्सोन्का तो वाचून दाखवायची, "आई, आलुबुखार पिकले की येते." दरवर्षी आलुबुखार पिकून गळून जायचे.

मग सोफियाहून ओग्न्यान नावाचा एक तरुण आला. त्याला संगणकासाठी नेदेल्काने जपून ठेवलेल्या साच्यांसारखीच अक्षरं घडवायची होती.

"मावशी, साचे आठ दिवस देता?"

"आता कोणाला हवीत रे ही?"

"दिवसभर संगणकाला आज्ञा लिहिणाऱ्यांना. अक्षराखाली अक्षर नीट बसतं, चूक लगेच डोळ्यांत भरते."

"माझी बोझुरा तेच करते. ने साचे. अक्षरं झाली की आधी तिला पाठव. म्हणावं, आईला यांतच लिही, कागदावर."

"माझं वाचणं गोड लागत नाही वाटतं?" त्सोन्का फणकारली.

"वाचतेस छान. पण आवाज तुझा असतो गं."

फेब्रुवारीत पाकीट आलं. गोल टोकांची, एका रुंदीची अक्षरं.

"आण इकडे, तुला दिवस लागेल," त्सोन्का म्हणाली.

"लागू दे."

चार ओळींना अर्धा तास लागला. 'आई, दरवर्षी लिहिते तेच लिहिते. मी परत येणार नाही. तूच ये. तुझी खोली तयार आहे.'

नेदेल्काने मान वर केली. "दरवर्षी?"

त्सोन्का पदराशी चाळा करावा तशी एप्रनची दोरी पिळत होती. "नाही येणार म्हणते, हे कोणत्या तोंडाने वाचायचं?"

"आणि तूच ये, हे?"

त्सोन्काने दोरी सोडून दिली. मग म्हणाली, "तू गेलीस तर मी कोणाच्या दारात जाऊन बसू, नेदा?"

नेदेल्का रागावली नाही. तिने दुसरी खुर्ची जवळ ओढली, त्सोन्काला बसवलं आणि पहिल्या अक्षरावर पुन्हा बोट ठेवलं. या वेळी ती मोठ्याने वाचू लागली.