हातमोज्यावरचं मलम

तिसऱ्या फेरीत घणवाल्याचा उजवा ठोसा बेकरीवाल्याच्या भुवईवर बसला आणि कातडी फाटली. रक्त पापणीवरून गालावर उतरलं. सभागृह उठून उभं राहिलं.

"तिथंच, दाजी. पुन्हा तिथंच हाणा," घणवाल्याच्या कोपऱ्यातून त्याचा मेव्हणा ओरडला.

घणवाला लोहाराच्या भट्टीत घण मारायचा, म्हणून हे नाव. चाळिशी उलटलेली, एक कान घणाच्या आवाजाने गेलेला, खोकल्यात कोळसा. ही लढत जिंकणाऱ्याला मुष्टियुद्धाच्या क्लबात शिकवायची जागा मिळणार होती. म्हणजे भट्टी सुटणार होती. बायको तीच प्रार्थना करत होती. त्याने मात्र लढतीआधी गुडघे टेकून, दोघंही धड घरी जाऊ देत, एवढंच मागितलं होतं.

"त्याच्यासाठी त्याची आई मागेल," मेव्हणा तेव्हा म्हणाला होता. "आणि प्रभूने गाल पुढे करायला सांगितलंय, दाजी, हनुवटी नाही. हात वर ठेवा."

आता बेकरीवाला हवेतच ठोसे मारू लागला. घणवाल्याने त्याच्या बरगडीत डावा हात घातला. आत काहीतरी कडकन वाजलं. मग पुन्हा तोंडावर उजवा. बेकरीवाला त्याच्या अंगावर कोसळला आणि गळ्याला मिठी मारून लोंबकळला.

"डोळे जळतायत," तो पुटपुटला. "काही दिसत नाही."

त्या मिठीत घणवाल्याचं नाक स्वतःच्याच हातमोज्याशी आलं. वास ओळखीचा होता. मेव्हणा रोज त्याच्या पाठीला चोळायचा ते मलम. डबी उघडली तरी डोळ्यांत पाणी यायचं. त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. मेव्हणा बादलीत पाहत होता.

पंचाने दोघांना सोडवलं. बेकरीवाल्याची हनुवटी उघडी होती. घणवाल्याचा हात सवयीने वर गेला, तापलेल्या लोखंडावर जातो तसा. एकच ठोसा पुरे होता. रविवारी बायको चर्चमध्ये उभी राहून देवाचे आभार मानील, आणि तिच्या शेजारी उभं राहून आपल्याला आमेन म्हणावं लागेल, हे त्याला त्या क्षणी दिसलं. हात खाली आला.

"थांबवा," तो पंचाला म्हणाला. "माझ्या मोज्यांना मलम लागलंय."

पंचाने वास घेतला. "कोणी लावलं?"

"हात माझे आहेत."

पंच त्याला बादच करणार होता. बेकरीवाला डोळ्यांवर पाणी मारून घेत होता, तोंडातलं रक्त थुंकून तो म्हणाला, "असं फुकटचं नको मला. मोजे बदला. लढतो मी."

मग तो लढला. एक डोळा मिटलेला, दुसरा लाल. पहिल्या ठोशाने घणवाल्याचं नाक मोडलं, दुसऱ्याने दात गेला. घणवाला पडला, उठला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा पंचाचे आकडे त्याला विहिरीतून आल्यासारखे ऐकू आले, आणि ते संपले.

पंचाने बेकरीवाल्याचा एक हात उंचावला. दोरांना धरत घणवाला उभा राहिला आणि त्याने दुसरा हात उंचावला. भट्टीतले सोबती चवताळले. "विकला गेला," कोणीतरी ओरडलं आणि बाटली येऊन फुटली. तेवढ्यात बेकरीवाल्याचा भाऊ मेव्हण्याला खाली पाडून लाथा घालू लागला. घणवाला मध्ये शिरला. एक लाथ त्याच्या मांडीत बसली, एक बुक्की जबड्यावर. त्याने हात उचलला नाही.

"पुरे झालं?" त्याने विचारलं. "नसेल तर मला मार. त्याला सोड."

भाऊ मागे सरला.

कपडे बदलायच्या खोलीत मेव्हणा भिंतीशी बसून रडला. "भट्टीत मराल हो तुम्ही. म्हणून केलं."

"माहीत आहे."

"ताईला काय सांगू?"

"हरलो म्हणून सांग. तो चांगला लढला, हेही सांग. आणि ऊठ, हा बर्फ त्याला नेऊन दे."

"मी? मारतील मला."

"मारतील कदाचित. जा तरी."

मेव्हणा गेला. थोड्या वेळाने दारात बेकरीवाला आला, बर्फाची पिशवी डोळ्यावर धरून.

"डावा हात खाली सोडतोस तू," घणवाला म्हणाला. "क्लबातल्या पोरांना ते शिकवू नकोस."

बेकरीवाला हसायला गेला आणि बरगडी धरून थांबला.

घणवाला सदऱ्याच्या बटणांशी झटत होता. सुजलेली बोटं वळत नव्हती. बेकरीवाल्याने पिशवी खाली ठेवली, जवळ आला आणि चाचपडत एकेक बटण लावू लागला. त्याला नीट दिसत नव्हतं. वरचं बटण दुसऱ्याच काजात गेलं, मग सगळीच एकेक घर सरकली.

घणवाल्याने ते पाहिलं. मान वर करून तो शेवटचं बटण लागेपर्यंत उभा राहिला, आणि तसाच, एका बाजूला चढलेली कॉलर घेऊन, रस्त्यावर आला.